टाकीमागची अंबाडी

सासूबाईंनी त्या झाडाला अंबाडी म्हटलं, तेव्हा आम्ही नवराबायकोने एकमेकांकडे न बघता मान हलवली. त्या लातूरहून आयर्लंडला आमच्याकडे येऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. सकाळचा चहा हातात घेऊन त्या मागच्या दारातून बाहेर पडल्या. अंगात स्वेटर, त्यावर शाल, त्यावर माझा रेनकोट, पायात माझ्या नवऱ्याचे मोजे. महिना जूनचा. अंगणात घर गरम ठेवणाऱ्या हीटिंगच्या तेलाची हिरवी टाकी आहे, तिच्या बाजूला दोन कुंड्या होत्या. तिथे त्या थांबल्या, वाकल्या, एक पान उलटंसुलटं करून पाहिलं.

"अगं माय, अंबाडी लावलीस की. मला वाटलं हितं काय बी उगवत न्हाई."

"हो आई," मी म्हणाले. "बी मागवलं होतं."

यातलं दुसरं वाक्य खरं होतं.

ती अंबाडी नव्हती, गांजा होता. पान अगदी तसंच दिसतं, हाताच्या बोटांसारखं फाकलेलं, कडेला दाते असलेलं. मराठवाड्यात जन्म गेलेल्या बाईला ते पान बघून दुसरं काय आठवणार? आम्हाला एवढं सोपं निमित्त सुचलंही नसतं. आम्ही टोमॅटो म्हणायचं ठरवलं होतं.

दुखण्याचं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. दोन वर्षांपूर्वी मला स्तनाचा कॅन्सर झाला. लिमरिकला ऑपरेशन झालं, केमो झाली, सगळे म्हणाले, सुटलीस. सुटले खरी, पण केमोने जाता जाता माझ्या तळपायांच्या नसा बिघडवून ठेवल्या. दिवसभर मुंग्या, आणि अंथरुणावर पडलं की आग. चादर लागली तरी सहन होत नाही. त्यावर गोळ्या आहेत. त्यांनी आग थोडी कमी होते आणि डोकं पुष्कळ कमी होतं. शॅननच्या एका कारखान्यात मी हृदयात घालायच्या बारीक नळ्या भिंगाखाली तपासते, तिथे डोकं कमी करून चालत नाही. म्हणून मी गोळ्या अर्ध्याच घेते आणि कुणी विचारलं की इथल्यासारखं "ग्रँड" म्हणते. फार सोयीचा शब्द आहे तो. या देशात पाय प्लॅस्टरमध्ये असलेला माणूसही ग्रँडच असतो.

गेल्या हिवाळ्यात कामावरच्या एका बाईने मला एक छोटी बाटली दिली. तिच्या आजारी आईसाठी कुणीतरी घरी करून दिलेलं तेल होतं, गांजाचं. जिभेखाली थोडे थेंब. त्या रात्री मी झोपले. बाकी काही नाही, फक्त झोपले. सकाळी किचनमध्ये उभी राहून मी रडले, कारण झोप कशी असते तेच विसरून गेले होते. पुढे बाटली संपली, त्या बाईची आईही गेली, आणि परत मागायला मला तोंड राहिलं नाही. डॉक्टरांना विचारून पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, इथल्या नियमात तुमचं दुखणं बसत नाही. दुखणं बसत नाही म्हणे. मी तर त्याला घेऊन रोज बसते.

मग नवऱ्याने ते मनावर घेतलं. हा सॉफ्टवेअरवाला, याने आयुष्यात कोथिंबीर कधी लावली नव्हती. पण एखादी गोष्ट वाचायला घेतली की तिचा पिच्छा सोडत नाही. त्याने मला समजावून सांगितलं. साधा गांजा रात्री मोठ्या व्हायला लागल्या की मग फुलतो, आणि आयर्लंडमध्ये तोवर थंडी आणि पाऊस येऊन त्याची फुलं कुजतात. म्हणून इथले लोक उघड्यावर दुसरी जात लावतात. ती उजेडाकडे बघत नाही, आपल्या वयाने चालते. रोप बुटकं राहतं, ठरलेल्या वयात फुलतं आणि उन्हाळा संपायच्या आत आटोपतं. तिला 'ऑटो' म्हणतात. मला रिक्षाच आठवली. तेव्हापासून आमच्यात ती सांकेतिक भाषाच झाली. "एक ऑटो मागे पडलीय," असं हा जेवताना म्हणायचा आणि सासूबाई विचारायच्या, हितं बी रिक्षा हायेत का रे?

आम्ही तीन लावल्या. दोन टाकीच्या बाजूला, एक टाकी आणि भिंत यांच्या बोळात, जिथे दुपारचं ऊन बरोबर पडतं. एक झाड लावणंही इथे गुन्हा आहे हे आम्हाला चांगलं माहीत होतं. आमचा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा कुठेतरी टेबलावर पडून होता. त्या तीन कुंड्यांपायी नवऱ्याला माझ्याहून कमी झोप लागायची. मी त्याला म्हणायचे, राहू दे, उपटून टाक. तो म्हणायचा, तू एकदा झोपलीस ना, ते मी पाहिलंय. या माणसाचा मला अनेक गोष्टींसाठी राग येतो, पण हे वाक्य आठवलं की येत नाही.

आता सासूबाईंना हे सगळं का सांगितलं नाही, ते. सासरे पोटाच्या कॅन्सरने गेले. वर्षभर सासूबाईंनी त्यांचं सगळं केलं आणि नंतर दोन वर्षं त्या धड जेवल्या नाहीत. माझं निदान झालं त्या दिवशी नवरा पहिलं वाक्य बोलला ते असं: आईला कळता कामा नये. आपल्याकडे घरोघरी हेच चालतं, त्यात नवल काही नाही. केमोत केस गेले, तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर रुमाल बांधून बसायचे. नंतर बोटभर केस आले, ते दाखवून सांगितलं की इथे अशी फॅशन आहे. सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. सवाष्णीने केस कापले म्हणून. मी तो आठवडा निवांत काढला, खोटं कशाला बोलू.

आणि आता त्या समोर आल्या होत्या, तीन महिन्यांसाठी. पहिल्याच संध्याकाळी त्यांची नजर माझ्या पायांवर गेली. पायात जोडवी नव्हती. कशी असणार, मोज्याची शिवण टोचते तिथे चांदीचं वेटोळं कोण घालणार? दुसऱ्या दिवशी बॅगेतून पिशवी काढली, पिशवीतून डबी, डबीतून नवीकोरी जोडवी. लातूरच्या सराफाकडून माझ्यासाठी करून आणलेली, चांगली जाड, तीन वेढ्यांची. मला खुर्चीत बसवून, स्वतः खाली बसून त्यांनी माझ्या बोटांत घातली आणि घट्ट व्हावीत म्हणून दाबली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी म्हणाले, छान आहेत.

"आता पाय भरल्यासारखा दिसायलाय," त्या म्हणाल्या. "केस गेलं ते गेलं. ही काढू नको."

मी ती काढली नाहीत. दिवसभर कामावर सुरक्षेच्या जड बुटांत ती माझ्यासोबत यायची. घरी आले की मी सरळ वर जाऊन पलंगावर पडायचे, पाय काठाबाहेर सोडून. खाली सासूबाई एकट्या. त्यांना वाटायचं, सुनेला आपलं येणं आवडलेलं नाही. त्या हे मुलाला सांगायच्या आणि मुलगा मला सांगायचा. मी छताकडे बघत ऐकायचे. खाली जाऊन दोन शब्द बोलावेत एवढीही ताकद नसायची, आणि ताकद नाही हे सांगायचीही सोय नव्हती. तेव्हा मी सगळ्यांना कंटाळले होते, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या पायांना.

मग सासूबाईंनी त्या कुंड्या आपल्याकडे घेतल्या. दिवसभर घरात कुणी नाही, टीव्हीवरची भाषा कळत नाही, बाहेर पाऊस कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नाही. ओळखीचं म्हणून त्या घरात एवढंच होतं. त्या रोज जाऊन बघायच्या, चहाचा चोथा घालायच्या, झाडाशी बोलायच्या. मला वाटतं माझ्यापेक्षा झाडाशी जास्त बोलल्या असतील.

जुलैच्या सुरुवातीला एकदा कामावरून आले, तर दार उघडताच लसणाच्या फोडणीचा वास. मला क्षणभर बरं वाटलं. गॅसजवळ जाऊन कढईत पाहिलं आणि मी तिथल्या प्रेसला टेकले. प्रेस म्हणजे इथलं कपाट. सासूबाईंनी दोन्ही झाडांचे शेंडे खुडले होते, वरची कोवळी पानं ओरबाडली होती, तांदळाच्या कण्या घालून रीतसर अंबाडीची भाजी केली होती.

"शेंडा खुडल्याबिगर फुटवे येत न्हाईत," त्या म्हणाल्या. "तुम्ही नुसतं वाढवत बसला होता."

अंबाडीचं ते अगदी बरोबर आहे. ऑटोचं नेमकं उलटं. तिच्याकडे पुन्हा फुटायला वेळच नसतो. शेंडा गेला तरी तिचं वय थांबत नाही, आणि आहे त्या खुरट्या अंगावर ती फुलायला लागते. नवरा आला, बाहेर जाऊन बघून आला आणि जेवायला बसला. त्याचा चेहरा असा झाला होता की मला माझं दुखणं सोडून त्याचीच काळजी वाटली. आईच्या हातची भाजी समोर होती. काय करणार, खाल्ली. मीही खाल्ली. कडवट, खरबरीत, गवताच्या वासाची. सासूबाईंनी एक घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिल्या.

"हिला आंबटपणाच न्हाई," त्या शेवटी म्हणाल्या. "हितल्या मातीतच आंबटपणा न्हाई गं."

लिंबू पिळलं, तरी उपयोग झाला नाही. आम्हाला कुणालाही काहीही झालं नाही, हे सांगायला हवं, कारण नवरा जेवून झाल्यावर बराच वेळ आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत बसला होता. कोवळ्या पानात काही नसतं, असं त्याने नंतर वाचून मला सांगितलं. आधी वाचायला हवं होतं.

त्या दोन कुंड्यांची आशा तिथेच संपली. उरली बोळातली तिसरी. सासूबाईंचे गुडघे त्या बोळात वळत नव्हते, म्हणून ती वाचली होती. महिनाभरात तिने चांगलं अंग धरलं. दाट फुलं आली, त्यांवर चिकट पांढरे कण धरले, औषध त्यातच असतं. नवरा कामावर जायच्या आधी टॉर्च लावून भिंगातून ते कण बघायचा. "अजून थोडेच दिवस," असं मला रोज सांगायचा, आणि मीही ते ऐकण्यासाठी उठायचे. इतकी आशा बरी नाही हे कळत होतं. पण पाय रोज जळत होते आणि बोळात औषध वाढत होतं.

आणि वास. त्याबद्दल त्याने वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. वारा पडला की तो वास भिंत ओलांडून पलीकडे जायचा. पलीकडे एक निवृत्त शिक्षक राहतात, एकटे. त्यांना आम्ही टोमॅटोच सांगितलं होतं. ऑगस्टच्या सुरुवातीला एका शुक्रवारी मी कपडे वाळत घालत होते, ते भिंतीवरून डोकावले. आधी हवेबद्दल बोलले, मग माझ्या सासूबाईंबद्दल, मग पुन्हा हवेबद्दल. मग म्हणाले, "तुमचे टोमॅटो यंदा जोरात आलेत. वास आमच्या किचनपर्यंत येतो."

मी हातातला टॉवेल उगाच पुन्हा झटकला.

"मला काही नाही हं. ग्रँड वास आहे," ते म्हणाले. "पण रविवारी माझा भाचा जेवायला येतो. तो गार्डा आहे. त्याला टोमॅटोची फार पारख."

गार्डा म्हणजे इथला पोलीस. एवढं सांगून ते आत गेले. मी चिमटे हातात घेऊन तशीच उभी राहिले. या देशात माणसाला सावध करायची ही रीत आहे, आणि तिच्याइतकी सभ्य रीत मी कुठे पाहिली नाही.

शनिवारी संध्याकाळी नवरा हातमोजे घालून बोळात शिरला. मी मागच्या दाराच्या पायरीवर बसले होते. त्याने झाड मुळासकट उपटून बाहेर आणलं, तेवढ्यात सासूबाई आल्या.

"अरे, फुलावर आलेलं झाड उपटायलास?"

"कीड लागलीय आई. आत जा तू."

त्या आत गेल्या नाहीत. जवळ येऊन त्यांनी फुलाला हात लावला, बोटं नाकाशी नेली. अंबाडीचं फूल पिवळं असतं, मधे गडद तांबडं. हे काही ते नव्हतं. आणि तो वास त्यांच्या ओळखीचा होता. गावाबाहेरच्या मठात चिलीम ओढत बसणारे बुवा त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. त्यांनी बोटं पदराला पुसली, पुन्हा पुन्हा पुसली.

"हा गांजा हाय," त्या म्हणाल्या. "तू गांजा ओढतोस?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. हातात झाड धरून तो आईसमोर उभा होता, मुळांची माती त्याच्या बुटांवर पडत होती.

"हो आई," तो म्हणाला.

त्याने आयुष्यात सिगरेट ओढलेली नाही. लग्नातला विडाही त्याला लागला होता. सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मला दिसलं, त्या आतून खचत चालल्या होत्या. दोन वर्षं ज्यातून त्यांना वाचवायचं म्हणून आम्ही धडपडलो, त्याहून वाईट काहीतरी आम्ही त्यांच्या पदरात टाकत होतो. आणि तो ते शांतपणे टाकू देत होता, माझ्यासाठी. मला एकदम असह्य थकवा आला. खोटं सांभाळायलाही अंगात काहीतरी लागतं, ते माझ्यात उरलं नव्हतं.

"तो नाही ओढत, आई," मी पायरीवरूनच म्हणाले. "ते माझ्यासाठी लावलं होतं. माझ्या पायांसाठी."

मग मी सगळं सांगितलं. मोठं काही नाही, जसं वर लिहिलंय तसंच, थोडक्यात. नवरा मधे एकदा "अगं" म्हणाला आणि गप्प झाला. सासूबाई माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. उन्हं अजून भिंतीवर होती. इथे जुलै-ऑगस्टात संध्याकाळ संपता संपत नाही, आणि लपवायचं असेल तर अंधाराची मदत होत नाही.

"मग ते केस?" त्यांनी विचारलं.

"हो आई. कापले नव्हते."

"मी आठ दिवस बोलले न्हाई तुझ्याशी."

त्यांची नजर टाकीशेजारच्या कुंड्यांकडे गेली.

"आन मी ती दोन झाडं खुडली."

"इथल्या पावसात तशीही कुजली असती," मी म्हणाले. ते खरं होतं की नाही मला माहीत नाही. नवऱ्याने मात्र जोरात मान डोलावली. मग त्याने झाडाचे तुकडे करून तपकिरी कचऱ्याच्या डब्यात घातले, वर गवत टाकलं आणि झाकण लावून तिथेच उभा राहिला. माझी झोप त्या डब्यात गेली. मला वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याचाही कंटाळा आला.

सासूबाई माझ्या पायांकडे बघत होत्या. चप्पल काढलेली, बोटं सुजलेली, चांदीचे वेढे मांसात रुतलेले. त्या उठल्या, आत गेल्या आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या. खालच्या पायरीवर बसून त्यांनी माझा पाय ओढून मांडीवर घेतला. मी दचकून मागे घेऊ लागले. सासूने सुनेचा पाय असा मांडीवर घ्यायचा नसतो.

"आई, नको."

"गप बस."

त्यांनी तेल लावलं आणि जोडवं फिरवायला सुरुवात केली. तेव्हा मला कळलं त्या काय करताहेत. जिचा नवरा जिवंत आहे तिची जोडवी काढत नाहीत. सासरे गेले त्या दिवशी सासूबाईंची दुसऱ्यांनी काढली होती. त्या बाईचा हात कुणाचीही जोडवी काढायला धजला नसता, सुनेची तर नाहीच. आणि मुलगा चार पावलांवर उभा होता, धडधाकट. तो बघत होता, त्या काढत होत्या.

"दुखायलंय का?"

दोन वर्षांत हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल. डॉक्टर, नर्स, कामावरचे, लिमरिकच्या गणपतीतल्या बायका.

"हो," मी म्हणाले. "खूप दुखतंय. हात लागला तरी दुखतं."

त्यांनी हात लगेच उचलला. तोवर दोन्ही पायांची चारही जोडवी निघाली होती, बोटांवर तांबडे वळ उरले होते. जोडवी पदराच्या टोकाला बांधून त्या क्षणभर नुसत्या बसून राहिल्या. हात लावायचा नाही, मग काय करायचं, हे त्यांना कळेना. मग त्या वाकल्या आणि लहान मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालतात तशी त्यांनी माझ्या एका पायाच्या बोटांवर फुंकर घातली.

तेवढं सहन होत होतं. मी दुसरा पाय पुढे केला.